तीन खाचांचं नाणं

तारोडी
१८ जून २०२५

आदरणीय सर,

मी निशिगंधा. दहावी ‘अ’, मागून दुसरा बाक. बस रोज उशिरा यायची आणि मी पहिल्या तासाला धापा टाकत दारात उभी राहायचे, तेव्हा तुम्ही फळ्याकडेच बघत ‘आली तारोडी एक्सप्रेस’ म्हणायचात. ती मी. आता भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे आणि वेळेवर पोचते.

गेल्या महिन्यात वाचनालयात तुमच्या चिनी नाण्यांचं प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीवर वाकून मी मोठ्याने ओरडले, “हे तर आमच्या काकांच्या कमरेला आहे!” सगळे वळले, तुम्ही वळला नाहीत. कलकलाट नको म्हणून तुम्ही कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं होतं. मग वाचनालयाच्या मृणालिनीताईंनी कागदावर लिहून दाखवलं, तर तुम्ही त्याच कागदावर उत्तर दिलंत : ‘फोटो नको, फोटो खोटं बोलतो. पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घे आणि पोस्टाने पाठव.’

त्याप्रमाणे पतंगाच्या कागदावर दोन्ही बाजूंची छाप घेतली आहे. सोपं नव्हतं. काका नाणं काढून द्यायला तयार नाहीत. आमच्याकडे रीत आहे. मुलगा झाला की कमरेला करदोटा बांधायचा, आणि तो माणूस मेल्यावरच तोडायचा. दोरा जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. कंबर रिकामी राहता कामा नये. त्यामुळे काका ओट्याच्या कडेला पोट लावून उभे राहिले, मी पेन्सिल घासत होते आणि ते “गुदगुल्या होतंत गो” म्हणून हलत होते. एक कोपरा पुसट आलाय तो त्यामुळेच.

छाप नीट उठावी म्हणून आईने आधी नाणं चिंचेने घासून लख्ख करून दिलं होतं. काय आहे हे, सर?

तुमची,
निशिगंधा

---

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२६ जून २०२५

चि. तारोडी एक्सप्रेस हिस,

पत्र वेळेवर पोचलं हा पहिला धक्का. छाप भिंगाखाली धरली आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो, हा दुसरा. तिसरा चिंचेचा, त्याबद्दल शेवटी बोलतो.

चौकोनी भोकाभोवती चार अक्षरं आहेत. आधी वरचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं असं वाचायचं : खाई, युआन, थुंग, पाओ. चीनच्या तांग घराण्याचं नाणं. हा प्रकार चौदाशे वर्षांपूर्वी सुरू झाला. तुझे काका मासळी निवडायला बसतात तेव्हा त्यांच्या पोटाखाली एक आख्खं साम्राज्य दबलेलं असतं, हे त्यांना माझ्यातर्फे सांग.

हे ठोकलेलं नाणं नव्हे, ओतलेलं आहे. नमुन्याचं नाणं वाळूत दाबून साचा करायचा, दोन साचे समोरासमोर बांधायचे आणि वितळलेलं कासं ओतायचं. आतून निघतं ते झाडच असतं, मधे खोड आणि दोन्ही अंगांना नाणी लटकलेली. ती तोडून चौकोनी सळईवर ओवायची, म्हणजे जागची फिरत नाहीत, आणि कडा कानशीने घासायच्या. त्यामुळे ओतलेल्या प्रत्येक नाण्याला आपली जन्मखूण असते. तुमच्या नाण्याची मागची छाप बघ. कडेचा पट्टा एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक. म्हणजे त्या दिवशी साचे बांधताना एक साचा सरकला होता. भोकाच्या वर नखाएवढी चंद्रकोर आहे ना? गोष्ट अशी सांगतात की नाण्याचा मेणाचा नमुना राणीला दाखवायला नेला, तिचं नख लागलं, आणि पुसायची हिंमत कुणाला झाली नाही. गोष्ट खोटी असेल, पण मला आवडते.

आता चिंच. अगं, तो हिरवा थर म्हणजे नाण्याच्या वयाचा पुरावा होता! जमायला शतकं लागली आणि तुझ्या आईने दुपारच्या चहाआधी उतरवला. मी पाच मिनिटं डोकं धरून बसलो होतो.

आणि कडेला ही खाच कुठल्या गाढवाने मारली? कानशीची नाही, सरळ छिन्नीची आहे. त्याचं नाव कळव. अशी आणखी नाणी असतील तर तेही कळव, आणि ती कृपा करून घासू नका.

तुझा,
रामनाथ सर

---

तारोडी
५ जुलै २०२५

आदरणीय सर,

ते गाढव म्हणजे माझे आजोबा, महिपत. तुमचं पत्र काकांना वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली.

काकांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी आजोबांच्या जाळ्यात एकदा मासळीऐवजी हिरवा गोळा आला. दगड समजून फेकणार, तर त्यात चौकोनी भोकं दिसली. घरी आणून फोडला तर बहुतेकांचा भुगा झाला, तीन नाणी धड निघाली. आजोबांना तीन मुलगे. दर्याने मोजून दिली म्हणाले आणि तिघांच्या करदोट्यात एकेक ओवलं. भावाभावांत अदलाबदल होऊ नये म्हणून छिन्नीने खुणा केल्या. थोरल्याचं नाणं तुम्ही बघितलंत. मधले काका वारले तेव्हा त्यांचं दर्यात सोडलं. धाकटे म्हणजे माझे बाबा, राघो. त्यांचं नाणं त्यांच्याबरोबरच गेलं.

मी दुसरीत असताना बाबा पहाटे एकटेच छोटी होडी घेऊन गेले. दोन दिवसांनी होडी वसईच्या खाडीच्या तोंडाशी रिकामी सापडली, बाबा सापडले नाहीत. त्याला सव्वीस वर्षं झाली. सगळ्यांनी सांगितलं, पण आई कुंकू पुसायला तयार झाली नाही. रोज सकाळी आरशासमोर बसून रुपयाएवढं कुंकू लावते. बायका मागून हसतात, काही तोंडावरही हसतात. आईचं एकच म्हणणं, “दर्यान् न्हेला असता तर मना कळला असता. तो येल तवा मना वळखाय नको?” ती गोदूबाई कुंकूवाली म्हणूनच ओळखली जाते. मला लहानपणी लाज वाटायची, आता नाही वाटत.

तेव्हा आणखी नाणी नाहीत. चिंचेबद्दल आई म्हणते, तुमच्या सरांकडची भांडी कोण घासतं ते बघायला पाहिजे.

तुमची,
निशिगंधा

---

जेसल पार्क
२० जुलै २०२५

चि. निशिगंधा,

बस खाली, आणि मग वाच. मला तुमच्या नाण्याची सख्खी बहीण मिळाली आहे!

छाप सोबत आहे. तीच चार अक्षरं, तीच चंद्रकोर, आणि पट्टा त्याच बाजूला जाड, त्याच बाजूला बारीक. साचा सरकला की त्यातल्या सगळ्या नाण्यांत तोच दोष उतरतो. ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच ओतणीत जन्मलेली आहेत. चाळीस वर्षं हा छंद करतोय, पण असं जुळं पाहिलं नव्हतं. पहिल्या रात्री झोपच लागली नाही.

शिवाय हिला चिंच लागलेली नाही. हिच्या कडेलाही कुणीतरी खाचा मारल्यात, एक सोडून तीन. म्हणजे तुझ्या आजोबांसारखे छिन्नीबहाद्दर आणखी कुणी होते तर! माझा तर्क असा : महिपतरावांच्या जाळ्यात आला तो मोठ्या ढिगाचा एक तुकडा. बाकीचा दुसऱ्या कुणाला मिळाला असणार, आणि त्या ढिगातली नाणी आता बाहेर यायला लागली आहेत. यावर लेख लिहीन म्हणतो.

हे नाणं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं. भोकात मळका दोरा होता, तो काढून टाकल्यावर काय देखणं दिसतंय!

डोळा दाखवायला उद्या लेकीकडे, मिनलकडे पुण्याला जातोय. पत्ता वॉचमनकडे ठेवला आहे.

तुझा,
रामनाथ सर

---

तारोडी
२३ जुलै २०२५

सर,

छाप मिळाली. हे नाणं तुम्हाला कुणी विकलं? त्या माणसाचं नाव, पत्ता, जे असेल ते लगेच कळवा. दोरा कसा होता? फेकला नसेल तर तो पाठवा, मळका असला तरी चालेल.

काल जेसल पार्कला येऊन गेले, दाराला कुलूप. पुण्याचा पत्ता वॉचमनने दिला, फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. असता तरी फोनवर तुमचं मशीन शिट्ट्या मारतं, ते ठाऊक आहे. म्हणून पत्र.

कारण आत्ता विचारू नका.

निशिगंधा

---

पुणे
२८ जुलै २०२५

चि. निशिगंधा,

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही. ना धड विचारपूस, ना माझ्या डोळ्याची चौकशी.

या छंदाचा एक संकेत आहे. कुणाला माल कुठून मिळाला हे विचारायचं नसतं. मी तुला चार गोष्टी शिकवल्या आणि महिन्याभरात तू माझ्याच व्यापाऱ्याचा पत्ता मागतेस? अशी माणसं मी पाहिली आहेत, पण माझी विद्यार्थिनी त्यांत निघेल असं वाटलं नव्हतं. व्यापाऱ्याने ते कुठल्याशा गाठोड्यातून उचललं होतं, आणि तो आता परदेशी गेलाय. एवढं पुरे.

दोरा मात्र पाठवतोय, नाण्याबरोबर त्याचं पाकीटही इथे घेऊन आलोय. कचराही पाकिटात घालून ठेवायची माझी खोड आहे, घर माझं त्यामुळेच भरलंय. त्याचं लोणचं घाल.

रामनाथ

---

तारोडी
१४ ऑगस्ट २०२५

सर,

आता तुम्ही बसा खाली, आणि मग वाचा.

ते नाणं माझ्या बाबांचं आहे. थोरल्याला एक खाच, मधल्याला दोन, धाकट्याला तीन. आजोबांची खूण हीच होती. तुमची छाप उघडली, कडेवरून बोट फिरवलं, आणि तीन मोजल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारातच बसले. आई पलीकडे बोंबील साफ करत होती. तिला काय सांगणार होते? नाणं बाबांबरोबर समुद्रात गेलं तर मुंबईच्या व्यापाऱ्याकडे कसं आलं? म्हणून तुम्हाला तसं तुटक पत्र लिहिलं. आधी खात्री करायची होती, मगच घरात बोलायचं होतं. तुम्हाला वाटलं मी तुमचा व्यापारी पळवतेय. असो.

मग दोरा आला, आणि नेमकं पाकीट काकांच्या हातात पडलं. त्यांनी माझ्यादेखत फोडलं. लाल दोऱ्याचा करदोटा, दोन ठिकाणी कापलेला. काकांनी विचारलं, हा कुणाचा? मग मला छापेचं सांगावंच लागलं, आणि आईला आत बोलवावं लागलं.

दोरा जुना नाही, सर. सव्वीस वर्षांपूर्वीचा असता तर कुजून गेला असता. हा फार तर वर्षभराचा. आई दर नारळी पौर्णिमेला बाबांना काळा दोरा बांधायची, जाळं विणतात त्या गाठीने. तिने हे तुकडे हातात घेतले, गाठ चाचपली आणि म्हणाली, “ही माजी न्हाय. दुसऱ्या बाईची हाय.” म्हणजे इतकी वर्षं बाबा कुठेतरी होते. आम्ही इथे होतो आणि ते कुठेतरी जेवत होते, झोपत होते, कुणाकडून तरी करदोटा बांधून घेत होते. मला रडायलाच येईना.

पुढचं काका बोलले. करदोटा गाठ सोडूनही काढत नाहीत, आणि असा पात्याने कापतात तो एकदाच, माणूस तिरडीवर असताना. काप ताजा आहे. राघो जिवंत होता, आणि आत्ताच कुठेतरी गेला. मेलेल्याच्या अंगावरचं कुणीतरी बाजारात विकलं.

यावर आई भांडली नाही. सव्वीस वर्षं सगळ्या गावाशी भांडणारी माझी आई. उठली, मोरीत गेली आणि चेहरा धुऊन आली. कपाळ पांढरं झालं होतं. मी तिला तसं जन्मात पाहिलं नव्हतं, सर, क्षणभर मला घरात कोण शिरलं ते कळेना. बांगड्या तिने स्वतःच उंबऱ्यावर फोडल्या.

दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. सुतकामुळे नारळी पौर्णिमेला आमच्या घरचा नारळ दर्यात गेला नाही. परवा दहावा झाला. कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो, काकांनी सगळ्या शपथा घेतल्या, मीही घेतल्या. कावळे पलीकडच्या भिंतीवर बसून होते, पण एकही खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आता एकच विनंती. तुमच्या त्या व्यापाऱ्याला, परदेशात असला तरी, विचारा की ते गाठोडं कुठलं होतं. बाबा कुठे गेले ते तरी आम्हाला कळू दे.

निशिगंधा

---

पुणे
१८ ऑगस्ट २०२५

निशिगंधा,

तुझं पत्र वाचून मी मोठ्याने ‘नाही, नाही’ म्हणालो. मिनल पाणी घेऊन धावली. मी तिला काहीच सांगितलं नाही. ती तुला फोन करून कळवते म्हणाली असती, आणि हे दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नाही.

दोरा मी कापला.

माझ्या दाढीच्या ब्लेडने, घरी, टेबलावर. गाठ सुटेना, भोकात मळ बसलेला, मला घाई झाली होती. दोन बाजूंनी कापला आणि नाणं मोकळं केलं. माझ्या हातात आला तेव्हा करदोटा अख्खा होता, निशिगंधा. तू पहिल्याच पत्रात मला रीत लिहिली होतीस, ती मी गंमत म्हणून वाचली आणि विसरलो. पाकिटात तुकडे भरताना ‘मी कापले’ एवढे दोन शब्द लिहायचे मला सुचले नाहीत.

मुंबईचा व्यापारी कुणी नाही. तो मी रचला. मला वाटलं ढीग सापडलाय, आणि जागा कळली की तू, तुझे काका आणि आख्खा गाव तिथे पोचेल. नाण्यांच्या हव्यासाने माणूस किती खाली जातो ते मला आज कळतंय.

खरं असं आहे. जुलैच्या मध्यात कानाचं मशीन दुरुस्त करायला ठाण्याला गेलो होतो. येताना वरसाव्याला बस बदलायला उतरलो. पुलाच्या अलीकडे घोडबंदर रस्त्याला शहाळ्यांची हातगाडी आहे. मी शहाळं मागितलं. गाडीवाला साठीचा असेल, उन्हाने रापलेला, अंगाने काटक. शहाळं तासायला वाकला, सदरा वर गेला, आणि कमरेला मला चौकोनी भोक दिसलं.

मी विकत मागितलं. तो न्हाय म्हणाला. मी पुन्हा मागितलं, लाज सोडून मागितलं. मागे पोत्यावर बसलेली बाई हिंदीत म्हणाली, “दे दो ना, क्या काम का है.” तो बराच वेळ कोयता पुसत राहिला. मग त्याने गाडीवरच्या रिळाचा लाल दोरा तोडला, आधी तो कमरेला बांधला, आणि मगच जुना करदोटा खाली सरकवून पायांतून काढून माझ्या हातावर ठेवला. कंबर त्याने क्षणभरही रिकामी ठेवली नाही.

मी विचारलं, कुठून मिळालं? म्हणाला, “बापान् दिला.” गाव कुठलं? खाडीकडे बघून म्हणाला, “गाव न्हाय.” मशीन नुकतंच दुरुस्त झालेलं, मी शब्दन् शब्द ऐकला. उत्तन-तारोडीकडची बोली मला ओळखू येत नाही का? तुझ्यासारखी किती मुलं माझ्या वर्गात शिकली. तरी मला वाटलं काय, तर हा माणूस त्या बाजूचा आहे म्हणजे ढीग याच्याकडे आहे! तू धाकट्या मुलाचं लिहिलं होतंस, माझ्या हातात तीन खाचा होत्या, आणि मी लेख लिहायला बसलो होतो. ती बाई म्हणाली होती की गुजरातकडून दोन वर्षांपूर्वीच इथे आले.

तुझे वडील जिवंत आहेत, निशिगंधा. तुम्ही दहावा घातलात तो जिवंत माणसाचा. आणि तुझ्या आईचं कपाळ माझ्या ब्लेडने पुसलं गेलं. याची भरपाई मला जन्मात करता यायची नाही.

नाणं सोबत पाठवतोय. ते माझ्याजवळ ठेवायची मला आता भीती वाटते.

रामनाथ

---

तारोडी
२५ ऑगस्ट २०२५

सर,

तुमचं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग काकांना, मग आईला वाचून दाखवलं. काका भिंतीला टेकून बसले, ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. जिवंत भावाला अग्नी दिला म्हणून स्वतःचेच हात बघत होते. मी आईला म्हटलं, “आई, तुझं खरं होतं. सव्वीस वर्षं तुझंच खरं होतं. लाव ना कुंकू.” तिने मान हलवली. नाणं मागून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि कनवटीला खोचलं. म्हणाली, “मना तिथं ने.”

काल रविवारी गेलो. आईने दहाव्याचं पांढरट लुगडंच नेसलं होतं. मी दुसरं काढून दिलं ते तिने परत ठेवलं. भाईंदरहून रिक्षा केली. वरसाव्याला उतरलो. काय बोलायचं ते मी सगळं ठरवून आले होते, ओरडायचं काय, विचारायचं काय. गाडी दिसली, तो दिसला, आणि माझे शब्दच पळाले. बाबांचा चेहरा मला आठवत नव्हता, पण वाकताना डावा पाय मागे टेकवायची लकब आमच्या काकांचीच. मागच्या पोत्यावर ती बाई होती, लसूण सोलत.

आई सरळ गाडीपाशी गेली. “एक द्या.”

“मलईवाला, की पानीवाला?” त्याने हिंदीत विचारलं.

“पाण्याचा.”

त्याने तासून दिलं. माझ्यासाठीही दुसरं तासलं आणि माझ्या हातात नळी दिली. मी त्याची मुलगी, सर, आणि तो मला म्हणाला, “ले बेटा.” सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणत असेल तसंच.

आई शांतपणे शहाळं प्यायली. मी तिच्याकडे बघत होते. तो तिच्याकडे बघतच नव्हता, रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. रिकामं शहाळं खाली ठेवून आई म्हणाली, “गोड हाय. आमच्या तारोडीला असा मिलत न्हाय.”

त्याच्या हातातला कोयता थांबला. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं. वाटलं, आता. आता ओळखणार. त्याची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून मोकळ्या मनगटांवर गेली, आणि परत फिरली. मागच्या बाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, “तारोडीला ती गोदू हाय काय गो अजून? राघोची? मोठा कुंकू लावायची ती?”

सर, तो आईला आईबद्दल विचारत होता.

मी तोंड उघडलं. आईने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की अजून दुखतंय.

“हाय,” आई म्हणाली. “हाय ना. पर ती आता कुंकू न्हाय लावत. नवरा मेला तिचा. आताच दहावा झाला.”

आईने कनवटीचं नाणं काढलं आणि गाडीवर, कोयत्याच्या शेजारी ठेवलं. “घ्या शहाल्याचं.” आणि वळून चालायला लागली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल की रडाल मला माहीत नाही, पण इतक्या शतकांनी तुमचं ते नाणं काल पुन्हा नाणं म्हणून चाललं.

पुढे जाऊन मी मागे बघितलं. तो नाणं उचलून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. एक, दोन, तीन. मग त्याने मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता. ती बाई काहीतरी विचारत होती, ते त्याला ऐकूच जात नसावं. त्याने हाक मारली नाही. मी वाट पाहिली, खरंच पाहिली. तो दोन्ही हातांनी गाडीची कड धरून उभा राहिला, बस.

तुमच्यावर राग आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असणार. होता. अजून थोडा आहे. पण तुम्ही दोरा कापला नसता तर आई कुंकू लावून तिथे गेली असती, त्याने दुरूनच तिला ओळखलं असतं, आणि मग काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. कदाचित पळाला असता. तुम्ही पुण्याहून आलात की जेवायला या, काकांनी बोलावलंय.

रात्री जेवून झाल्यावर तिने भिंतीवरचा आरसा उतरवून मांडीवर घेतला आणि किती वेळ त्यात बघत राहिली. मला वाटलं आता कुंकवाची डबी मागेल. तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “निशी, कुंकू न्हाय तर मी वळखायला येतच न्हाय काय गो?”

तुमची,
निशिगंधा